दोनदाबाई आणि फाटलेली चिकटपट्टी

औषधभांडार सांभाळणाऱ्या बाईंना सगळं रुग्णालय पाठीमागे ‘दोनदाबाई’ म्हणे. चिठ्ठी दोनदा वाचायची, बाटली दोनदा बघायची, कुलूप लावलं की दोनदा ओढायचं. नवरा म्हणायचा, “मला तेवढं एकदाच बघितलंस, तिथेच फसलीस.” एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक चुकीची गोळी गेली नव्हती. निवृत्तीला सात आठवडे उरले होते.

दोन वर्षांपूर्वी ब्लॉकचेन आली. म्हणजे कारखाना, व्यापारी आणि सगळी रुग्णालयं यांच्यात मिळून एकच वही. डबीवरचा कोड यंत्राला दाखवला की नोंद पडते, आणि पडलेली नोंद सगळ्यांना तिथल्या तिथे दिसते, कुणाच्या बापाला खोडता येत नाही. चला, आपल्यासारखं कुणीतरी भेटलं, असं बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

त्या सकाळी भुलीच्या इंजेक्शनांची पेटी आली. तिची चिकटपट्टी एका बाजूने फाटलेली होती. अशा वेळी आतली एकेक डबी तपासायची, हा नियम बाईंनीच भिंतीवर लावलेला. पण ऑपरेशन थिएटरमधून तिसऱ्यांदा फोन आला, खिडकीपुढची रांग दाराबाहेर गेली, आणि बाईंनी पेटीवरचा एकच कोड दाखवून वीसच्या वीस डब्या जमा करून घेतल्या. दोन लगेच वर पाठवल्या.

तिसरी डबी दुसऱ्या पेशंटसाठी काढली, यंत्राला दाखवली, तर पडदा लाल. या नंबरची डबी कारखान्यातून कधी निघालीच नव्हती.

बाईंनी लगेच फोन लावला. थिएटरचा फोन कुणी उचलेना. जुन्या साठ्यातल्या दोन डब्या मुठीत घेऊन त्या जिन्याकडे धावल्या. गुडघे तिसऱ्या मजल्यापर्यंत बोंबलत होते. आत सिस्टरच्या हातात सिरिंज भरलेली होती.

“ते टोचू नका.”

“बाई, पेशंट टेबलावर आहे.”

“म्हणूनच सांगतेय. हे घ्या, हे तपासलेलं आहे.”

खाली येऊन त्यांनी परत आणलेल्या डब्या यंत्राला दाखवल्या. एक खरी निघाली, एक बनावट.

शेजारच्या टेबलावरचा फार्मासिस्ट हलक्या आवाजात म्हणाला, “वाचलो. आता पेटी वाटेत फुटली म्हणून लिहू आणि परत पाठवू. सात आठवड्यांसाठी हात दाखवून अवलक्षण कशाला?”

मोह झाला. का होऊ नये? माणूस वाचला होता, आणि एकतीस वर्षांचं नाव होतं. पण त्याच व्यापाऱ्याच्या पेट्या आज आणखी कुठेकुठे उघडल्या जात असतील. फुटक्या पेटीसाठी कुणी हातातली सुई थांबवत नाही.

बाईंनी त्या सामायिक वहीत टाइप केलं : ‘डब्या बनावट. पेटी उघडी आली होती. मला दिसलं होतं. मी तपासलं नाही.’ खाली नाव घातलं आणि बटण दाबलं. दुसऱ्यांदा वाचलं असतं तर धीर झाला नसता.

अकरा मिनिटांनी कुठल्याशा लांबच्या रुग्णालयातून फोन आला. पलीकडे तिथले डॉक्टर होते.

“आम्ही पेशंटला भूल देणारच होतो, तेवढ्यात तुमची नोंद आली. कुणी केली ती?”

बाईंनी नाव सांगितलं. नीट ऐकू गेलं नसेल म्हणून दोनदा सांगितलं.