सिंकच्या जाळीतलं बोट

नळांची कामं करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी वस्ती 'आलोच' म्हणायची. फोन केला की तो "आलोच!" म्हणायचा आणि संध्याकाळपर्यंत उगवायचा नाही. कामात मात्र पक्का होता. तीस वर्षं पाना फिरवून हात असा बसला होता की गळकी तोटी त्याला बघूनच गप्प व्हावी.

थोरल्या बहिणीच्या घरचं सिंक तुंबलं होतं. तीन आठवडे टाळून तो एका सकाळी गेला आणि अडकलेला कचरा काढायला उजव्या हाताचं बोट स्टीलच्या जाळीत घातलं. ते आत गेलं, बाहेर काही येईना. साबण लावला, तेल लावलं. बोट वांग्यासारखं टम्म फुगलं. शेवटी डाव्या हातानं त्यानं जाळीच सिंकमधून सोडवली आणि बोटात फूल माळल्यासारखी मिरवत उभा राहिला.

"कप्पाळ माझं!" ताई म्हणाली. "चल दवाखान्यात. आणि ती हत्यारांची पिशवी कशाला घेतोयस? डॉक्टरांना दाखवायला?"

"असू दे गं. तिच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं."

ताईनं लाजेकाजेस्तव त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत खिडकीमागचा कारकून मान वर न करता म्हणाला, "काय झालंय?"

"बोट अडकलंय. सिंकच्या जाळीत."

"सिंक कुठंय?"

"घरी."

कारकुनानं कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधाशोध केली. "पडणं आहे, भाजणं आहे, कुत्रं चावणं आहे. अडकणं नाही. 'शरीरात परकी वस्तू' लिहितो."

"अहो, वस्तू बोटात नाही, बोट वस्तूत आहे!"

"तेच ते. बसा. डॉक्टर येतीलच."

तासाभरानं एक तरुण डॉक्टरीणबाई फाईल चाळत आल्या. "वस्तू नाकात गेलीय की कानात?"

ताईनं टॉवेल ओढला. डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून हसू गिळलं, बोट दाबून पाहिलं आणि "आलेच हं" म्हणून गेल्या त्या गेल्याच.

दहाचे बारा वाजले. अर्ध्या तासानं नर्सला विचारलं, तीही "आलेच" म्हणाली. तो खुर्चीत चुळबुळ करत म्हणाला, "ताई, ही माणसं एक वेळ धडपणे का सांगत नाहीत? आपण येड्यासारखं बसायचं?"

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यानं तोंडातच ठेवलं.

अखेर डॉक्टरीणबाईंनी त्याला आत खाटेवर बसवलं आणि अंगठी कापायचं यंत्र आणलं. दोनदा कुरकुरून ते बंद पडलं. "स्टील जाड आहे हो. हे आमच्या आवाक्यातलं नाही. प्लंबरच बोलवायला हवा." त्यांनी दारातूनच कारकुनाला हाक मारली. कारकुनानं बाथरूमच्या दारावर चिकटवलेल्या कुठल्याशा स्टिकरवरचा नंबर लावला.

'आलोच'च्या उजव्या खिशात फोन वाजायला लागला. हात तर अडकलेला. ताईनं फोन काढून त्याच्या कानाला लावला.

"हॉस्पिटलमधून बोलतोय. ताबडतोब या, एका पेशंटचं बोट जाळीत अडकलंय."

"आलोच!" तो सवयीनं बोलून गेला.

खिडकीपासून खाटेपर्यंत अंतर ते किती! त्यानं आणि कारकुनानं एकमेकांकडे पाहिलं. कारकुनाचा फोन हळूहळू खाली आला. डॉक्टरीणबाईंना इतकं हसू आलं की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

ताई मात्र हसली नाही. "पिशवी उघडू का?" तिनं विचारलं.

आतून पत्रा कापायची कात्री निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती स्पिरिटनं पुसली, बोट बधिर केलं आणि कातडी वाचावी म्हणून मध्ये पातळ पट्टी सरकवली.

"पात्याच्या टोकानं नको, मुळाशी धरा," तो शिकवू लागला. "हां. आता एका दमात दाबा. घाबरता काय, बोट माझं आहे!"

कट्‌ झालं. आणखी एक कट्‌. जाळी उमलली आणि बोट सुटलं, जांभळं पण शाबूत. नर्सनं टाळी वाजवली. त्याचे डोळे भरून आले, ते लपवायला त्यानं कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ कसा ठिबकतोय ते सगळ्यांना दाखवलं.

घरी पोचल्यावर पट्टी बांधलेलं बोट उशीवर ठेवून तो आडवा झाला. स्वयंपाकघरात ताई धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांना काही सुचेना. शेवटी आपल्या दादानंच सांगितलं कुठं कापायचं ते. धीराचा हो अगदी!"

ताई आपलं कौतुक करते हे त्याला उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. आणखी ऐकायला मिळावं म्हणून त्यानं झोपेचं सोंग घेतलं.