आत्याचा हुंकार

फोन आला तेव्हा मी एका माणसाच्या दंडाला रबरी पट्टी बांधत होते. जालन्यात एका लॅबमध्ये मी रक्त तपासते, आणि सकाळची वेळ म्हणजे उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या लोकांची. फोन कुंभार पिंपळगावहून गयामावशींचा होता. त्या आपणहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे लगेच उचलला. "सुमनबाई गेल्या गं पोरी," एवढंच म्हणाल्या. सुमनबाई म्हणजे माझी आत्या, आणि गयामावशी तिच्या शेजारीण. आत्यानं सकाळी चहा ठेवला, ओसरीवर येऊन टेकली ती उठलीच नाही. मी समोरच्या माणसाचं रक्त घेतलं, बाटलीवर त्याचं नाव लिहिलं आणि मग आत जाऊन रडले. हातातलं काम अर्धवट टाकलेलं आत्याला खपत नसे. म्हणूनच ती स्वतः एक गोष्ट अर्धवट ठेवून गेली, याचा मला या घडीलाही राग येतो.

आत्यानं जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. काका आधीच गेलेले, मुलगा पुण्यात. निवृत्त झाल्यावर ती पुण्याला जाईल, नातवंडांमागं धावेल असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. बाईनं काय करावं, तर विद्यापीठात नाव घातलं. तेही कशासाठी? फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज अशा लॅटिनपासून निघालेल्या भाषांमधल्या साहित्याचा अभ्यास करायला! पुस्तकं इंग्रजी अनुवादातून वाचायची, तोंडी लावायला थोडं स्पॅनिश शिकायचं, आणि वर्ग शनिवार-रविवार संभाजीनगरला. शुक्रवारी दुपारी जीपमध्ये कोंबून घेऊन घनसावंगीला यायची, तिथून बसनं जालन्याला माझ्याकडं मुक्काम. मुलगा फोनवर चिडला, तब्येतीचं काय म्हणाला. मीही कमी टोमणे मारले नाहीत. पिंपळगावात स्पॅनिश कुणाशी बोलणार, म्हशीशी का, असं विचारलं. ती चहात पोळी बुडवत शांतपणे म्हणाली, "अगं, आपल्या भाषा जशा एका म्हातारीच्या लेकी, तशा त्याबी एका म्हातारीच्याच लेकी हायेत म्हणं. मला बघायचंय, तिकडच्या बाया दुपारच्या काय करून राह्यल्या."

तिच्या सगळ्या अभ्यासाचा प्रश्न हाच होता, आणि त्यात गंमत नव्हती. पिंपळगावातल्या बाया दुपारच्या काय करतात हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण त्या तिच्याच ओसरीवर असत. चातुर्मासात ती पोथी लावायची. आमच्याकडं पोथी वाचणाऱ्याला हुंकार लागतो. वाचणारा एक वाक्य वाचून थांबणार, ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी 'हं' म्हणणार, मगच पुढचं वाक्य. हुंकार आला नाही तर वाचणारा समजतो की मंडळी पेंगली, आणि सरळ पोथी मिटतो. आत्याच्या अंगात लहानपणापासून ही सवय इतकी मुरलेली की तिला साधा भाजीचा भाव सांगितला तरी "हं… मंग?" यायचं. मी लॅबमधल्या कटकटी सांगायचे तेव्हा या 'मंग'मुळेच माझ्या तोंडून नको ते सगळं बाहेर पडायचं. नवऱ्यानं कधी इतकं ऐकून घेतलं नाही.

तर ही सवय घेऊन बाई विद्यापीठात गेली. पहिल्याच तासाला तिथल्या तरुण प्राध्यापकांनी एका कादंबरीचं सुरुवातीचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिलं वाक्य संपलं, ते श्वास घ्यायला थांबले, आणि पहिल्या बाकावरून आत्याचा खणखणीत हुंकार गेला. वर्ग चमकला. दुसऱ्या वाक्याला पुन्हा. तिसऱ्याला "हं… मंग?" पोरं खो खो हसायला लागली. सरांना वाटलं बाईंना काही शंका आहे, त्यांनी विचारलं, तर ही म्हणते, "शंका न्हाई सर, तुम्ही वाचा, मी जागी हाये." मला हे सांगताना तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं, पण थोडी ओशाळलीही होती. पुढच्या शनिवारी तिनं ठरवून तोंडावर पदर धरला. सर एक वाक्य वाचून थांबले. तिच्याकडं बघत राहिले. म्हणाले, मॅडम, तुमच्याशिवाय पुढं जाता येत नाहीये.

कापूस वेचून झाला, बाया मोकळ्या झाल्या, तेव्हा आत्यानं ओसरीवर त्या कादंबरीचीच पोथी लावली. एका स्पॅनिश लेखिकेची ती कादंबरी. आत्या मनात इंग्रजी वाचायची आणि तोंडानं आपल्या बोलीत सांगायची. गोष्ट एका विधवा बाईची. तिची धाकटी बहीण तरुणपणी भांडून समुद्रापलीकडं निघून गेलेली, आणि म्हातारपणी ही घरदार विकून तिला शोधायला निघते. तिचं नाव इनेस, बायांनी तिची इनूबाई केली. इनूबाईला बोटीत उलट्या झाल्या तेव्हा गयामावशींनी लिंबू सुचवलं. इनूबाई दुपारी दारं लावून झोपते हे कळल्यावर मात्र आत्या खट्टू झाली. "म्हंजे तिकडच्या बाया दुपारच्या झोपत्यात!" मला फोन करून तिनं ही बातमी दिली. मी म्हटलं, झालं का समाधान? तर म्हणाली, "न्हाई ना. झोपत्यात, तर मंग एकमेकींला सांगत्यात कवा?"

पोथीचा शेवटचा अध्याय सगळे ऐकणारे हजर असल्याशिवाय वाचायचा नाही, हा आत्याचा दंडक. शेवटचं प्रकरण राहिलं आणि गयामावशींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आत्यानं पुस्तक लाल फडक्यात बांधलं, पोथीच्या लाकडी पाटावर ठेवलं आणि थांबली. बरं, स्वतः तरी पुढं वाचून घ्यावं? छे! ऐकणाऱ्याच्या आधी सांगणाऱ्यानं शेवट बघायचा नाही, असंही तिचं होतं. मावशी ऑपरेशन करून परत आल्या, दोन दिवसांनी समाप्ती करायचं ठरलं. आणि त्याच्या आदल्या सकाळी हे असं झालं…

दिवस झाल्यावर मी आवराआवरीला गेले होते. त्या प्राध्यापकांचा फोन येऊन गेला. वर्गात वाचताना सवयीनं थांबतो आणि मग फार शांत वाटतं, म्हणाले. दुपारी बघते तर बाया एकेक करत ओसरीवर येऊन बसलेल्या. गयामावशी हिरव्या पट्टीखालून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पोरी, इनूबाईला बहीण घावली का गं?"

मला इंग्रजी वाचता येतं, पण असं भराभर आपल्या भाषेत सांगता येत नाही. तरी फडकं सोडलं. पहिलं वाक्य अडखळत सांगितलं आणि थांबले. कुणाचाच हुंकार नाही. सगळ्या आत्याच्या जागेकडं बघत होत्या. मी पुस्तक मिटणार, एवढ्यात गयामावशी "हं" म्हणाल्या. मग मीही सांगत गेले. इनूबाई त्या परक्या गावात उतरली, विचारत विचारत एका गल्लीत शिरली, निळ्या दारापाशी उभी राहिली. दुपारची वेळ, सगळं गाव झोपलेलं. तिनं दार वाजवलं. आतून चपलांचा आवाज जवळ येत गेला…

"हं… मंग?"

मी पान उलटलं. पुढं कोरं होतं. कादंबरी तिथंच संपली होती, आणि ही गोष्ट आत्याला कधीच कळणार नव्हती. संपली, असं मी कसंबसं म्हणाले.

"दार कुणी उघडलं मंग?" एकीनं विचारलं. बहिणीनंच, दुसरी म्हणाली. कशावरून, तिसरी म्हणाली. बघता बघता ओसरीवर अशी जुंपली की बहिणीला दोन मुलं होऊन ती मोठीही झाली. तिकडच्या बाया दुपारच्या काय करतात ते मला माहीत नाही. इकडच्या काय करतात ते मी डोळ्यांनी बघत होते, आणि जिला सांगावं ती तेवढी नव्हती.

संध्याकाळी जालन्याच्या बसमध्ये बसले तेव्हा ते पुस्तक आणि अभ्यासक्रमातलं आत्यानं न उघडलेलं दुसरं, एका इटालियन बाईचं, दोन्ही माझ्या पिशवीत होती. दुसऱ्याचं पहिलं वाक्य मी हळू आवाजात आपल्या बोलीत सांगून बघितलं, आणि थांबले.