अडतीस गुणांची इस्त्री

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मावशी सव्वीस वर्षं इस्त्री करत उभ्या आहेत. ‘उभ्या’ हा शब्द जपून वाचा. मशीनवाल्याला स्टूल आहे, घड्या घालणाऱ्या बायकांना बाक आहे, मी तिथला कारकून, मला तर चाकांची खुर्ची आहे. इस्त्रीच्या टेबलाची उंची मात्र अशी, की बसून हात पुरत नाही. त्यामुळे चादरी सरळ होत गेल्या आणि मावशींचे गुडघे वाकडे.

कोट हातात घेतला की तो कुणाचा, हे त्या न बघता सांगतात. “हा हाडांच्या डॉक्टरांचा. कोपरं बघ कशी चुरगळलीत. टेबलावर डोकं टेकून झोपतो बिचारा.”

यंदा इस्त्रीचे मुकादम निवृत्त होणार होते. मुकादमाला खिडकीपाशी खुर्ची असते, हातांची, पाठीला उशी असलेली. मावशी मला म्हणाल्या, “मला मुकादमी नको रे, खुर्ची हवी. पण ती सुटी देत नाहीत.”

खुर्चीच्या आड एक कागद आला. नव्या नियमाप्रमाणे मुकादमाला प्रमाणपत्र लागतं. स्वतःच्या खर्चाने ते मिळवायचं तर दोन महिन्यांचा पगार जातो. पण सरकारची योजना होती: बारा दिवसांचं प्रशिक्षण, कामाच्या जागी, कामाच्याच वेळात, सगळा खर्च सरकारचा. त्याआधी एक प्रवेश चाचणी. मावशींनी ती अशी दिली, की परीक्षक बघतच राहिला. शंभरात शहाण्णव! चार गुण हातमोजे नव्हते म्हणून गेले. मावशींनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर नियमांची पुस्तिका घेऊन टेबलापाशी आले. चेहरा असा, की कुणाचं काही बरंवाईट झालं असावं.

“मावशी, तुम्ही नापास झालात.”

“शहाण्णव मिळालेत की!”

“म्हणूनच. चाळिसाच्या आत गुण असतील तरच सरकार शिकवतं. ज्याला येतं त्याला शिकवून पैसा वाया कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं.”

“मग ज्याला येतं त्याला नुसतं प्रमाणपत्र द्या.”

“तशीही योजना होती. गेल्या वर्षी बंद झाली.”

महिन्याभराने आणखी एक चाचणी होती, शेवटची. मॅनेजरांचा सल्ला सोपा होता: वाईट इस्त्री करा. आता, पन्नाशी उलटल्यावर हाताला वाईट वळण लावणं सोपं असतं का? मावशींनी तीन दिवस प्रयत्न केला. डोळे मिटून केला, डाव्या हाताने केला. डाव्या हाताने केलेली कॉलर तर उजव्यापेक्षा सरस निघाली.

मी त्यांच्या शेजारीच राहतो, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मावशींच्या घरात वाईट इस्त्री करणारं एक माणूस आहे, त्यांची सून. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. नऊ वर्षं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आल्या, की सुनेच्या हातचा शर्ट घातला की माझा मुलगा मारामारी सोडवून आल्यासारखा दिसतो. आता त्याच सुनेपुढे त्या इस्त्री घेऊन उभ्या राहिल्या.

“सूनबाई, मला शिकव.”

सुनेने ऐकू आलं नाही असं दाखवलं. तिला ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं, इतकंच.

“शिकव म्हणतेय ना!”

“अहो आई, पहिली चूक तुमच्या उभं राहण्यात आहे. इतकं लक्ष लावून उभं राहायचंच नाही. गॅसवर दूध आहे, दारात कुणीतरी आलंय, फोन वाजतोय. हं, आता फिरवा.”

“गॅसवर दूध ठेवून इस्त्रीला कोण हात लावतं?”

“मी लावते. नऊ वर्षं लावतेय. वर तुम्ही शेजारी उभ्या राहून नावं ठेवता, ती चौथी अडचण.”

सरावासाठी खरोखरच दूध ठेवलं होतं, तेवढ्यात ते वर आलं. मावशी धावणार, तर सून म्हणाली, “जाऊ दे उतू. धडा अजून संपला नाही.” दूध वाया गेलं, पण शर्टावर पहिली सुरकुती पडली. रोज संध्याकाळी तासभर शिकवणी चालली. महिना संपता संपता सुनेने शर्ट उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, “आता बरी बिघडतेय.”

चाचणीला तोच परीक्षक आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. एक चादर, एक अभ्रा, एक डॉक्टरांचा कोट. मावशी पुटपुटत होत्या, “गॅसवर दूध, दारात माणूस...” चादरीची घडी वाकडी पडली. अभ्रा ओलाच राहिला. परीक्षकाने कोट उचलून निरखला.

“मावशी, दोन्ही बाह्यांवर तीन-तीन सुरकुत्या आहेत.”

“आहेत ना?” मावशी खूश झाल्या.

“आणि अगदी समोरासमोर.”

“पट्टी नव्हती लावली हो, साहेब.”

परीक्षकाने टॅबलेटवर मागचे शहाण्णव पाहिले, मग मावशींकडे पाहिलं. “महिन्याभरात एवढं विसरलात?”

“वय झालं.”

मग तो हळूच म्हणाला, “या योजनेत मला वीस माणसं भरायची आहेत. चौदाच मिळालीत. जो भेटतो त्याला सगळं येतं.” आणि त्याने आकडा टाकला: अडतीस.

आता फक्त कोटाचा फोटो वर जायचा होता. तो गेल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही, हा नियम. टॅबलेटवर गोल चकरी फिरू लागली. फिरते, फिरते, थांबत नाही. तेवढ्यात वॉर्डचा शिपाई दारात आला. “हाडांच्या डॉक्टरांचा कोट झाला का? त्यांना पेशंट तपासायला निघायचंय.”

मावशींचा हात इस्त्रीकडे गेला.

“मावशी, खुर्ची!” मॅनेजर ओरडले. “खुर्ची आठवा!”

“असा कोट माझ्या टेबलावरून जायचा नाही. चार माणसांत जातो तो.”

मी प्लग काढला. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तो परत लावला. परीक्षक टॅबलेट डोक्यावर धरून खिडकीत चढला होता. शेवटी मी सुनेला फोन लावला आणि मावशींच्या कानाला धरला. पलीकडून दुकानातली गर्दी ऐकू येत होती, आणि त्यातून सुनेचा आवाज, “आई, हात मागे घ्या. उतू जाऊ दे.”

मावशींनी डोळे मिटले. हात मागे घेतला. चकरी आणखी दोनदा फिरली आणि हिरवी खूण उमटली.

मग दीड मिनिट त्या खोलीत वाफेशिवाय काही दिसलं नाही. शिपाई जो कोट घेऊन गेला, तो दुकानाच्या काचेत लावावा असा होता. परीक्षक खिडकीतच पाठ करून उभा राहिला. “छान हवा आहे,” एवढंच म्हणाला.

प्रशिक्षण झालं. बारा दिवस मावशी बाकावर बसल्या, आणि शिकवणाऱ्या पोरीला वाफ किती ठेवायची ते मधल्या सुट्टीत सांगत राहिल्या. शेवटच्या परीक्षेत सत्त्याण्णव. या वेळी हातमोजे होते, पण ते काढून कॉलर चाचपली म्हणून तीन गेले. अडतीसवरून सत्त्याण्णव, एवढी प्रगती कुणाचीच नव्हती. वरून अभिनंदनाचं पत्र आलं आणि एक फॉर्म, ‘प्रशिक्षणामुळे आपल्यात झालेला सर्वांत मोठा बदल’.

मी विचारलं, “काय लिहू?”

मावशी खिडकीपाशी, उशीला पाठ टेकून, पाय सोडून बसल्या होत्या. “बसायला मिळालं, असं लिही.”

मी लिहिलं: कामाकडे बघण्याची उंची बदलली. साहेबांना आवडलं म्हणे.

अडतीसचा कागद मात्र फायलीत नाही. तो सुनेने मागून नेला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. परवा मुलाचा शर्ट बघून मावशींनी तोंड उघडलं, तशी सुनेने काही न बोलता कपाट उघडलं. मावशींनी तोंड मिटलं.

“माझी एकच विद्यार्थिनी,” सून मला म्हणाली, “आणि पहिल्याच फटक्यात नापास झाली.”