आईची जागा खाली होती

माझ्या आईच्या जागेवर आता एक पुतळा उभा असतो. प्लास्टिकचा, डोकं नसलेला, भरजरी साडी नेसवलेला. साडीच्या दुकानाचा नोकर सकाळी शटर वर करतो, पुतळ्याला कमरेत धरून बाहेर आणतो आणि भिंतीलगत पांढऱ्या रंगानं आखलेल्या चौकोनात उभा करतो. मग दुसरा पुतळा आणतो. तो थेट पिवळ्या फरशीवर ठेवतो. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला पायाखाली वाट कळावी म्हणून ही उंचवट्यांची फरशी बसवली आहे. दबाणची गाडी रोज तिथून जाते. अतिक्रमण हटवणाऱ्या गाडीला सुरतेत दबाणची गाडी म्हणतात. त्या गाडीतल्या माणसांना पुतळे दिसत नाहीत. माझी आई मात्र त्यांना फार लांबून दिसते.

राग शांत झाल्यावर लिही, असं मला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी वाट पाहिली. दिवाळी गेली, संक्रांतीची उतराण गेली, पतंगांचा मांजा तारांवरून निघाला. राग आहे तिथेच आहे, म्हणून आता लिहिते.

आई फॉल विकते. साडीच्या आतल्या काठाला जी सुती पट्टी लावतात ती. जुन्या शहरातल्या या बाजारात साड्यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. बाई दुकानातून साडी घेऊन बाहेर पडली की पिशवीतून साडीचं टोक काढून आईपुढे धरते, आणि आई ढिगातून त्या रंगाचा फॉल ओढून काढते. शेजारी पिना, टिकल्या, नाडे विकणारी एक मावशी बसायची. ती सख्खी मावशी नाही, धुळ्याकडचीच, पण माझ्या लग्नात सख्ख्या मावशीपेक्षा जास्त ओरडली. आणखी दोघीतिघी होत्या. सगळ्या खानदेशातल्या, सगळ्यांची माणसं लूमवर किंवा डाईंगमध्ये.

मी तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. त्याचं श्रेय मी दोन ठिकाणी देते. एक, आमच्या शाळेच्या गुरुजींना. सुट्टीत शेतात कामाला लागलेल्या मुलींना घरी जाऊन परत आणायचे ते. आणि दुसरं, या फुटपाथच्या तुकड्याला. हे मी कुणापासून लपवलेलं नाही. आज मी उधन्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि वर्गात सांगते की माझी आई फुटपाथवर बसते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण शहरात बोलताना लोक समजतात की या बायकांना शिस्त माहीतच नव्हती, ती वरून आणावी लागली. या बायकांची शिस्त फॉलची होती. नवी बाई बसायला आली की पिनावाली मावशी एक फॉल उलगडायची, मधोमध दुमडायची, आणि एक टोक फुटपाथच्या कडेला धरून दुसरं भिंतीकडे ताणायची. दुमडलेला फॉल जिथे संपेल तिथपर्यंत चालणाऱ्यांचं. त्याच्या मागे आपलं. "अर्धा फॉल लोकेसना," असं म्हणायची. एखादीचं गाठोडं पुढे सरकलं तर भांडण व्हायचं, आणि तेही मोठ्यानं, अहिराणीत. त्यामुळे दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची, आणि शेठ गल्ल्यावरून म्हणायचे, "मासी, धीरे." पण वाट मोकळी राहायची. कुणाची बाळाची गाडी अडलेली मी पाहिली नाही.

म्हणून जेव्हा कळलं की हा रस्ता चालणाऱ्यांसाठी राखून ठेवणार, गाड्या बंद होणार, फुटपाथवर नव्या फरशा बसणार आणि बसणाऱ्यांना आखलेल्या जागा मिळणार, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मला नियम आवडतात. नियम नसते तर वसतिगृहात मला जागा मिळाली नसती. आई म्हणाली, "आखी देतीन म्हंजे आपलीच व्हई ना जागा?" मी म्हटलं, होईल. दबाणची गाडी आली की गाठोडं उचलून गल्लीत पळणं संपेल. आईच्या गुडघ्यांना ते पळणं झेपत नव्हतंच.

श्रावणातल्या एका शनिवारी रिक्षातून भोंगा फिरला. सोमवारी सकाळी मोजणी. जो जिथे बसलेला दिसेल त्याचा तिथे फोटो निघेल आणि ती जागा त्याच्या नावावर लागेल. स्वतः हजर राहायचं, बदली माणूस चालणार नाही.

सोमवार म्हणजे कानबाईचा सोमवार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, तिला साडी, दागिने, भाऊबंद मिळून खायचे रोट, रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर न्यायची. गोडादऱ्यात आमच्या सोसायटीत त्या सकाळी रस्ता दिसत नाही, नुसत्या बायका दिसतात. सुरतेत इतकी खानदेशी माणसं राहतात, इतक्या गल्ल्या त्या दिवशी नाचत असतात, की ज्यानं सोमवार ठरवला त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. माहीत होतं आणि मोजणीत नव्हतं, एवढंच.

मी त्याच शनिवारी संध्याकाळी बाजारात गेले. गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेला एक तरुण साहेब फरशांचं काम बघत उभा होता. मी त्याला सांगितलं, सोमवारी आमच्या बायका येऊ शकणार नाहीत, सण आहे.

"कयो तहेवार?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. हसतमुख होता, वाईट बोलला नाही. "टेन्शन नहीं लेवानुं, मॅडम. बीजो राउन्ड आवशे." दुसरी फेरी होईल. मी शिक्षिका आहे हे त्याला कळल्यावर तर त्यानं मला खुर्ची देऊ केली. मी त्या शब्दावर विसंबले, आणि अजूनही मला वाटतं की शब्दावर विसंबणाऱ्याची त्यात चूक नसते.

आईला सांगितलं तेव्हा ती गाठोडं बांधत होती. "दुसरी फेरी ना व्हयनी तर?" मी म्हटलं, मग तू सोमवारी जा, पाण्यावर आम्ही नेतो. आईनं गाठ सोडून पुन्हा बांधली. "कानबाईले घरमा बठाडीसन मी बाजारमा बसू? ती माले काय म्हनी?"

पिनावाली मावशी म्हणाली, "ती काय म्हनी, मन्हा नाडा लयी ये म्हनी." सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, "वीट ठेवी देऊत."

वीट ठेवणं ही बाजारातली जुनी रीत. कुणी आजारी पडली, गावी गेली, की तिच्या जागेवर वीट राहायची. वीट असली की त्या जागेवर दुसरी बाई बसत नसे. शेठलोकही ती वीट हलवत नसत. तर त्या दिवशी प्रत्येकीनं आपापली वीट मांडली, आणि मावशीनं कानबाईसाठी घेतलेल्या पुड्या फोडून सगळ्या विटांना हळदकुंकू लावलं. "आते कोन लात मारस ते दखू," म्हणाली. आईला ते पटलं नाही. "देवनी मस्करी करू नको वो," ती म्हणाली, पण हसलीही.

सोमवारी आम्ही कानबाई पाण्यावर नेली. आई नाचली. गुडघे दुखत असताना नाचली.

मंगळवारी सकाळी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर बाजारात गेले. विटा नव्हत्या. भिंतीलगत पांढरे चौकोन आखले होते. त्यांत ज्या परक्या फेरीवाल्यांचे फोटो निघाले त्यांचे आकडे होते. आमच्या बायकांच्या जागांवरच्या चौकोनांत आकडा नव्हता. आईच्या चौकोनात पुतळा होता. शेठ गल्ल्यावरून उठून आले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मासी, मने शुं वांधो? पण नियम आव्यो ने." त्यांना हरकत नव्हती, नियम आला होता. पुतळा मात्र तो नियम आम्हाला सांगायच्या अगोदरच त्यांनी ठेवून टाकला होता. वीस वर्षं त्यांच्या साड्यांना माझ्या आईनं फॉल पुरवले. गिऱ्हाईक "फॉल कुठे मिळेल" म्हणालं की ते दारातूनच बोट दाखवायचे. बोट दाखवायलाही लांब जावं लागायचं नाही.

तोच गळपट्टीवाला साहेब आला. या वेळी बरोबर वयानं मोठे दुसरे साहेब होते. मी विचारलं, यांच्या जागा कुठे?

मोठे साहेब म्हणाले, "जग्या खाली हती."

गुजरातीत खाली म्हणजे रिकामी. हे आम्हाला कळतं, जन्म गेला इथे. पण पिनावाली मावशी कंबरेवर हात ठेवून पुढे आली आणि हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "खालीच होती ना साहेब! हम लोग खालीच बैठते हैं. कुर्सी पर कब बैठे?"

आजूबाजूचे हसले. दोन गुजराती फेरीवालेही हसले. मोठे साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, रिकामी तर होतीच, वर तिथे कुंकू लावलेले दगड मांडून धार्मिक दबाण केलेलं होतं. ते हटवायला पोलीस बोलवावे लागले. असं करून उद्या इथे देऊळ उभं करता, आम्हाला माहीत आहे.

मी अजून ते वाक्य मनात फिरवून बघते. जागा रिकामी होती, म्हणून मिळणार नाही. आणि तीच जागा अडवलेली होती, म्हणूनही मिळणार नाही. मी वर्गात चौथीच्या मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवते. एका वाक्यात दोन्ही खरे असू शकत नाहीत, हे त्या मुलांना कळतं. पदवी, नोकरी आणि गाडी असलेल्या माणसाला ते बोलताना अडखळावंसंही वाटलं नाही. आणि पुतळा? तो दबाण नाही का? मी बोट दाखवून विचारलं. तरुण साहेब पुतळ्याकडे बघून म्हणाला, "ए तो डिस्प्ले छे, मॅडम."

डिस्प्ले. बरोबर आहे. पुतळ्याला कानबाई नसते. तो सणाला घरी जात नाही, त्यामुळे त्याची जागा कधी खाली होत नाही.

दुसऱ्या फेरीचं मी विचारत राहिले. गणपतीनंतर, म्हणाले. मग नवरात्रीनंतर. मग तरुण साहेबाची बदली झाली आणि नव्या माणसाला दुसरी फेरी हा शब्दच माहीत नव्हता. बायकांना कुठे बसता येईल विचारलं तर पुलाखालच्या एका मोकळ्या मैदानाचं नाव सांगितलं. आम्ही जाऊन पाहिलं. तिथे ट्रकचे टायर होते आणि कुत्री होती. साडी घेतलेली बाई फॉलसाठी तिथे येईल असं ज्याला वाटलं, त्यानं आपल्या बायकोला एकदा विचारायला हवं होतं.

पिनावाली मावशी आता बारडोलीला मुलीकडे गेली आहे. आई गेली नाही. आईनं वेगळंच काढलं. एका सकाळी तिनं फॉलचा गठ्ठा डाव्या हातावर टाकला, टॉवेल टाकावेत तसा, आणि बाजारात चालू लागली. "चालनारास्ना रस्ता शे ना?" मला म्हणाली. "मी चालस."

तेव्हापासून ती चालते. फुटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. गिऱ्हाईक तिला चालताचालता गाठतं. ज्यांना मी हे सांगते ते म्हणतात, वा, किती हुशार आई. कुणी तर त्यावर टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या सहन होत नाहीत. मला तिचे घोटे दिसतात. घरी आल्यावर ती पायरीवर बसते तेव्हा पायातली चप्पल तिला सोडवत नाही, मी सोडवते. जिला गाठोडं घेऊन पळणं झेपत नव्हतं तिला दिवसभर चालायला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचं नाव चालणाऱ्यांची सोय.

थांबलं तर दबाणवाले शिट्टी वाजवतात. "मासी, ऊभा नहीं रहेवानुं, चालता रहो."

मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी तिला घ्यायला गेले तेव्हा ती मला लांबून दिसली. चक्क थांबलेली. जुन्या जागेवर, पुतळ्याजवळ. पुतळ्याच्या साडीचा पदर तिनं चिमटीत धरला होता आणि दुसऱ्या हातातला फॉल त्याला लावून बघत होती. मला वाटलं, गिऱ्हाईक असेल. गिऱ्हाईक नव्हतं. शिट्टीवाला दोन पावलांवर उभा होता आणि काही बोलत नव्हता.

मी जवळ गेले. "काय करतेस?"

"हळू बोल," आई म्हणाली. "साडी दखाले थांबनी शे असं वाटाले पाहिजे. गिऱ्हाईकले कोनी हाकलत नही."

तेव्हा मला दिसलं की तिचा सगळा भार पुतळ्याच्या खांद्यावर होता. पदर धरायचं निमित्त करून ती टेकली होती. जिथे ती बसायची तिथे उभं राहण्यासाठी तिला विकत घेणारीचं सोंग करावं लागत होतं. मीही दुसऱ्या बाजूनं पदर हातात घेतला आणि किंमत विचारल्यासारखं दुकानाकडे पाहिलं. आतून शेठ लगबगीनं उठले, आणि मग आम्हाला ओळखून पुन्हा बसले.

"अजून थोडा येळ धर," आई म्हणाली. मी धरून राहिले.