भिजलेली पुस्तकं

आई गेली त्या वर्षी मी बाबांना कोलकात्याला घेऊन आले. नवऱ्याची बँकेतली बदलीची नोकरी, म्हणून डमडमला भाड्याचा फ्लॅट. बाबांचा जन्म साताऱ्याकडच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला. इथे त्यांच्याशी मराठीत बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी दार उघडलं की बाबा अंधारात बसलेले दिसायचे. दिवा लावायचंही त्यांना सुचत नसे.

एका रविवारी त्यांना कॉलेज स्ट्रीटला नेलं. फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या, एकीला लागून दुसरी, आणि आत पुस्तकं छपराला टेकलेली. बाबा एका टपरीपुढे थांबले आणि हिंदीत विचारलं, "मराठी पुस्तक मिळेल?"

दुकानदार त्यांच्याच वयाचे होते. हसून म्हणाले, "मराठी नाही. पण बसा, चहा घ्या."

पुढे बाबा एकटेच मेट्रोने तिकडे जायला लागले. ते दुकानदारांना 'दादा' म्हणायचे, दादा त्यांना 'मास्टरमोशाय', म्हणजे गुरुजी. दोघांचंही हिंदी बेताचंच. दादा रोज लोकलने सियालदहला उतरून टपरीवर यायचे. "दादा म्हणत होते, आता पोरं फक्त परीक्षेची गाइडं मागतात," असं काहीबाही बाबा जेवताना सांगायचे. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात वादळ आलं. झाडं पडली, वीज गेली, कॉलेज स्ट्रीट पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर बाबा थांबेनात, म्हणून मीही बरोबर गेले. टपऱ्यांपुढे चिखल झालेल्या पुस्तकांचे ढीग पडले होते. दादा त्यातलं एकेक उचलून बघत होते आणि परत टाकत होते. बाबांना पाहून ते म्हणाले, "मास्टरमोशाय, सगळं गेलं." आणि तोंड फिरवून उभे राहिले.

बाबांनी ढिगातली त्यातल्या त्यात धड पुस्तकं वेचून पिशव्यांत भरली. "मी वाळवून आणतो," ते म्हणाले. दादांनी नुसता हात हलवला.

आमच्या घरात मग पंख्याखाली, खाटेवर, बाल्कनीतल्या दोरीवर, सगळीकडे बंगाली पुस्तकं. बाबांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. चिकटलेली पानं ते नखाने हळूच सोडवत, मधे वर्तमानपत्राचे तुकडे घालत. घरभर कुबट वास सुटला होता. नवरा एकदा कुरकुरला. मी त्याला गप्प केलं, कारण बाबा सकाळी आपणहून उठत होते.

पुस्तकं वाळली. फुगलेली, वाकडी, पण वाचण्याजोगी. आम्ही ती घेऊन गेलो तर टपरी बंद. शेजारचा दुकानदार म्हणाला, "ते वारले. वादळात घराचं छप्पर उडालं होतं. तेच नीट करताना छातीत कळ आली."

 बाबा मला म्हणाले, "घर कुठे आहे ते विचार. ही त्यांची आहेत, त्यांच्या घरी द्यायला हवीत."

पुढच्या रविवारी सियालदहहून लोकलने आम्ही गेलो. घरावर निळी ताडपत्री बांधलेली होती. दादांच्या बायकोने आम्हाला ओट्यावर बसवलं. मी मोडक्या बंगालीत आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं, पदराने पुसलं, मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "हे सगळं कुठे ठेवू, मुली? कोरडी जागा एवढीशी आहे, तिथे नातवंडं झोपतात. तुम्हीच न्या."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, दोन्ही हात जोडले, आणि पिशव्या परत उचलल्या. एक मी घ्यायला गेले तर दिली नाही. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तरी ते दारापाशी उभेच राहिले.

त्यानंतर पुस्तकं बाबांच्या खोलीत भिंतीशी रचलेली राहिली. मला थोडंफार बंगाली वाचता यायचं; मराठीत सांगू का विचारलं, तर नको म्हणाले. संध्याकाळी दार उघडलं की पुन्हा अंधार. पावसाळा सरल्यावर एका रविवारी खाटेवर पडलेल्या बाबांना मीच म्हटलं, "बाबा, चला, कॉलेज स्ट्रीटला जाऊन येऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाकडे?" एवढंच म्हणाले, आणि कूस बदलली.