संध्याकाळी बसायची जागा

त्या नारिंगी पेयाची चव आठवली की अजूनही माझं तोंड वाकडं होतं. इटलीत पादुआला लेकीच्या आग्रहाखातर मी त्याचा एक घोट घेतला आणि लगेच रुमालात थुंकले. खोकल्याच्या औषधात सोडा ओतला तर लागेल तशी चव. वर बर्फ, संत्र्याची फोड आणि काडीला टोचलेलं एक खारट हिरवं फळ. आणि हे प्यायला सगळं गाव उन्हं उतरायच्या आधीपासून चौकात येऊन बसतं, बर्फ विरघळला की दुसरा ग्लास मागवतं. लेक म्हणाली, "मम्मी, हळूहळू आवडेल." मी म्हटलं, "आवडून घ्यायला मी इथे राहायला आलेली नाही. तुला न्यायला आलेय."

खरंच न्यायलाच गेले होते. वसईजवळ वटारला आमची छोटी वाडी आहे. थोडी केळी, तोंडलीचा मांडव, मोगरा, आणि मध्ये घर. नवरा गेल्यापासून त्या घरात मी एकटी. मुलगी एकच. औषधांचं काही शिकायला म्हणून ती इटलीला गेली, शिक्षण संपलं आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेने तिला कायमची नोकरी देऊ केली. इकडे वसई पूर्वेच्या एका कारखान्यातही तिच्यासाठी जागा होती, मी स्वतः चौकशी करून आले होते. मे महिना संपल्यावर आठवड्याभरात तिला तिथल्या करारावर सही करायची होती. सही झाली की ती तिकडची झाली, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी विमानात बसले.

पादुआ म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या आमच्या संताचं गाव. वसईत चावी हरवो, शेळी हरवो, नाहीतर एखाद्याची अक्कल हरवो, मंगळवारी त्याच्याच पायाशी मेणबत्ती लागते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कबरीच्या दगडावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "बाबा, माझी मुलगी इथे हरवलीय, ती परत दे." लेक शेजारीच उभी होती. तिला नीट ऐकू जाईल अशाच आवाजात मी म्हणाले. ती हसली आणि मला म्हणाली, "चल, आता चौक दाखवते."

हे चौक सकाळी पाहिले तर चांगले आहेत, उगाच खोटं कशाला बोलू. एक भाजीचा चौक, एक फळांचा, आणि मध्ये कित्येक शतकांपूर्वीचा अवाढव्य सभामंडप, त्याच्या कमानींखाली खाटकांची आणि चीजवाल्यांची दुकानं. भाजी मी वाडीवालीच्या नजरेने पाहिली. लालभडक कोबीसारखं काहीतरी, आणि एका काटेरी फुलाचे सोललेले बुडखे लिंबाच्या पाण्यात तरंगत ठेवलेले. टोमॅटो मात्र बरे दिसले म्हणून एक हातात घेऊन दाबून पाहिला, तर भाजीवाली माझ्यावर खेकसली. इथे भाजीला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो म्हणे. शाळेतली नोकरी सांभाळून जन्मभर भाजी पिकवणाऱ्या बाईला ही सांगणार टोमॅटो चाचपू नको! तिथेच माझं पित्त खवळलं.

दुपारी हातगाडे निघून जातात, यंत्राने चौक धुतात, आणि त्याच फरशीवर टेबलं मांडतात. मग सुरू होतं ते मला बघवत नसे. प्रत्येकाच्या बोटांत सिगारेट. धूर असा, की कपडे रात्री खिडकीबाहेर टांगावे लागत. कुत्री खुर्चीवर, माणसांच्या शेजारी. एका बाईने आपल्या बशीतला तुकडा कुत्र्याला चाटवला आणि उरलेला स्वतः खाल्ला. शी! टेबलावर डुकराच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप येत, कच्चेच. डुक्कर आम्हीही खातो, पण चुलीवर चांगलं शिजवून, मसाला घालून. हे लोक मीठ लावून टांगतात आणि तसंच तोंडात टाकतात. आणि जरा बाजूच्या बोळात वळलं की मुताचा वास. एवढ्या देखण्या कमानी, एवढे कोरीव खांब, आणि त्यांच्या बुडाशी ही घाण. मी नाकाला ओढणी लावून चालायचे आणि लेकीला ते दिसावं म्हणून ती जरा जास्तच घट्ट धरायचे.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती तिसऱ्याच एका चौकात. त्याच्या एका टोकाला घड्याळाचा मनोरा आहे आणि समोरच्या टोकाला लहानसं चर्च, पुढे थोड्या पायऱ्या. लेक पेयं आणायला एका दुकानात गेली होती. घंटा वाजली. आणि मी पाहिलं तर चर्चच्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने बसत होती, पोरंसोरं, बायाबापड्या, एकेक करून येऊन टेकत होती. हातोहात शेंगदाण्यांच्या वाट्या फिरत होत्या.

आता हे वसईच्या माणसाला काय वाटेल? मे महिना. संध्याकाळ. आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक गावातल्या क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना असते. घंटा झाली की घराघरातून माणसं निघतात, क्रुसाच्या ओट्यावर आणि भोवती चटयांवर बसतात, आणि प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटले जातात. लहान मुलं तर चण्यांसाठीच येतात. मला वाटलं, चला, एवढ्या पापी गावातसुद्धा एक बरी गोष्ट उरली आहे. माझ्या मनातला राग एकदम निवळला. मी ओढणी डोक्यावर घेतली, पर्समधून माळ काढली, सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघे टेकले आणि डोळे मिटून सुरुवातीची वाट बघू लागले.

कोणी सुरुवात करेना. परके लोक, लाजत असतील, म्हणून मीच सुरू केलं, "नमो मारिये..." आजूबाजूचं बोलणं जरा कमी झालं. मला वाटलं, माझ्या मागून म्हणतील. तेवढ्यात माझ्या तळहातात काहीतरी गार ठेवलं गेलं. डोळे उघडले तर एक नाणं. समोर लेकीच्या वयाची एक मुलगी, एका हातात तोच नारिंगी ग्लास, आणि चेहऱ्यावर अगदी खरी दया.

तिथे गुडघे टेकून, मान खाली घालून, डोकं झाकून चर्चच्या पायरीशी कोण बसतं, हे मला त्या आधीच्या दिवसांत दिसलं नव्हतं असं नाही. भिकारी बसतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी निवृत्त शिक्षिका, गावात अजून लोक मला वाट देतात, आणि ही दारू पिणारी पोर मला भीक घालते! एवढ्यात लेक आली, तिने ते पाहिलं, आणि त्या मुलीला तिच्या भाषेत भरभर काहीतरी सांगितलं. ती मुलगी कानापर्यंत लाल झाली. मग तिने काय करावं? वाकून मला मिठीच मारली. तिच्या तोंडाला दारूचा आणि केसांना सिगारेटचा वास. मी तोंड फिरवलं. पण तिच्या टोळक्याने लगेच सरकून जागा केली, कोणीतरी खुर्ची ओढून आणली आणि मला तिच्यात बसवलं.

मी बसले, पण तोंड फुगवूनच. शेजारच्या टेबलावर एक म्हातारी एकटी बसली होती, माझ्यापेक्षा बरीच मोठी. ओठ रंगवलेले, गळ्यात मोती, पुढ्यात एक ग्लास. ना कोणाशी बोलत होती, ना कोणाची वाट बघत होती. नुसती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती.

"हिला घरी कोणी नाही का?" मी लेकीला विचारलं. "या वयात इथे येऊन ढोसत बसलीय."

"असेल की," लेक म्हणाली. "रोज येते ती. एक ग्लास घेते, दिवे लागले की जाते."

"आणि तू? तूही रोज येतेस?"

"बहुतेक दिवशी. कधी काही पीतही नाही, पायरीवर बसते."

"कशाला?"

तिने जरा विचार केला. "मम्मी, इथे मला कोणी विचारत नाही, कशाला बसलीस म्हणून."

मला तेव्हा तिचा राग आला. मी विचारलेलं तिला खुपलं, असंच मला वाटलं. मी तिला सगळं पुन्हा ऐकवलं. वाडी, घर, वसईची नोकरी, माझं वय. ती म्हणाली, "घरी आल्यावर संध्याकाळी मी कुठे बसू?" मी म्हटलं, "घरात बस. ओटी आहे, झोपाळा आहे. कमी काय आहे?" ती म्हणाली, "ते घर झालं ग. बाहेर कुठे?" खोलीवर परतल्यावर तिने दिवा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ये म्हणालीस तर मी येईन. खरंच येईन. पण घरी जा, नीट विचार कर आणि मनापासून सांग."

मला विचार कसला करायचा होता! माझं उत्तर मी निघतानाच बॅगेत भरून नेलं होतं. ते नाणं मी दुसऱ्या दिवशी संताच्या पेटीत टाकलं आणि म्हटलं, "झालं तुझं काम. सापडली माझी."

परत आले तेव्हा मे संपला होता आणि पाऊस अजून लांब होता. तिला लगेच फोन करणार होते, पण म्हटलं दोन दिवस झोप नीट होऊ दे. संध्याकाळी घरात करमेना. झोपाळ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. इतकी वर्षं संध्याकाळी मी काय करत होते, हेच मला आठवेना. तिसऱ्या दिवशी मी चप्पल घातली आणि नाक्यावरच्या क्रुसापाशी गेले. पूर्ण महिना जिथे सगळं गाव बसतं, तिथेच बसावं, एवढाच विचार.

रोझरी संपून आठवडाही झाला नव्हता आणि ओट्याची काय दशा झाली होती! कठड्याला कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक तारेने आवळलेला, क्रुसाच्या निम्म्या उंचीपर्यंत भाऊंचे जोडलेले हात. जिथे आम्ही मेणबत्त्या लावतो त्या कोपऱ्यात गुटख्याची लाल पिचकारी. पायरीच्या आडोशाला दारूची रिकामी बाटली. मागे कचऱ्याचा ढीग, त्यात कुत्री. आणि ओट्याला टेकवून मोटारसायकलींची रांग. पादुआत नाकाला लावली होती तीच ओढणी मी नाकाला लावली. या वेळी कोणाला दाखवायला नाही.

एका बाजूला गावातले चार पुरुष मोबाइल बघत बसले होते. ते रोज बसतात. मी दुसऱ्या बाजूला रुमालाने जागा पुसून बसले तशी त्यांचं बोलणं थांबलं. एकाने पाय खाली घेतले. मी रस्त्याकडे बघत बसले.

थोड्या वेळाने शेजारची म्हातारी पावाची पिशवी घेऊन चालली होती, ती थबकली. "का गो बाय, अशी का बसली? चावी हरवली काय?"

"नाही."

"मंग कोनाची वाट बगते?"

"कोणाची नाही. बसलेय अशीच."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. "बरं नाय काय तुला? चल, घरी सोडते." मी नको म्हटलं. ती गेली, पण वळून वळून बघत गेली. मग माझा एक जुना विद्यार्थी स्कूटर थांबवून म्हणाला, "टीचर, कोणी वारलं का?" चांगला मुलगा आहे, काळजीनेच विचारलं त्याने. सगळ्यांनी काळजीनेच विचारलं. त्या काळजीचीच मला शिसारी आली. दर वर्षी मे महिनाभर मी त्याच जागी बसते ती भक्ती, आणि आज बसले तर माझी चावी हरवलेली असणार, नाहीतर माणूस मेलेलं असणार. ती रंगवलेल्या ओठांची म्हातारी मला आठवली, आणि तिच्यावर मी काय बोलले होते तेही.

तेवढ्यात एकाने मोटारसायकल आणून माझ्या गुडघ्यांपाशी उभी केली. "मावशी, जरा सरकता का? गाडी लावायचीय." मी सरकले नाही. त्याने हॉर्न वाजवला. आणि त्याच वेळी पर्समध्ये फोन वाजला. लेक होती. तिची मुदत जवळ आली होती.

"मम्मी, किती आवाज येतोय. कुठे आहेस?"

"क्रुसाच्या ओट्यावर बसलेय."

"रोझरी संपली ना?"

"संपली."

"मग बाहेर का बसलीस? चावी हरवलीस का?"

तिचं बालपण या ओट्याच्या आसपास गेलेलं, इथे बाई कधी बसते हे तिला पाठ होतं. तिकडून तिच्या मागे चौकातला गलका ऐकू येत होता, ग्लास, हसणं, आणि कोणाचं तरी कुत्रं.

"मम्मी? बरी आहेस ना?"

"सही कर," मी म्हणाले. "नाताळला ये. पाहुणी म्हणून ये."

तिने हळूच विचारलं, "रागावलीस?"

"हो," मी म्हणाले. "तुझ्यावर नाही."

मोटारसायकलवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला. चौघांपैकी एक जण म्हणाला, "टीचर, अंधार पडतोय, आता घरी जा." मी फोन ठेवला आणि उठले. मी उठल्याबरोबर त्याने गाडी तिथे लावली.