बोट ठेवलं की पान पळायचं

सगळ्यात आधी माझ्या वर्गातल्या राजुऱ्याच्या मैत्रिणीचं सांगते. ती नसती तर बीएचं पहिलं वर्ष अर्ध्यात टाकून मी सिरोंच्याकडे परत गेले असते.

माझी शाळा गोदावरीपलीकडे, तेलंगणात मामाच्या गावी, तेलुगूतून झाली. नववीत ती सुटली. मोठेपणी गाईडं पाठ करून, बाहेरून बसून मराठीतून दहावी-बारावी काढली. आता बल्लारपूरला एका मेसमध्ये पोळ्या लाटते आणि सकाळी कॉलेजला जाते. मराठी भरभर बोलते, पण वाचते ती शब्दाखाली बोट ठेवून.

कॉलेज सुरू झालं तेव्हा सरांनी सगळी पुस्तकं ग्रुपवर टाकली. वर्गानं छापील पुस्तकांचा नाद सोडला, मीही खूश झाले. पण मोबाईलवर ओळीखाली बोट टेकवलं की पानच वर पळायचं. खाली आणावं, परत पळायचं. अक्षर मोठं केलं तर अर्धं वाक्य स्क्रीनबाहेर. आधी वाटलं मोबाईल बिघडलाय. मग भीती वाटायला लागली की बिघाड माझ्यातच आहे.

एकदा ग्रंथालयात मैत्रिणीनं पाहिलं.

"काय करून राह्यली वं? पान पुसून राह्यली का?"

मी खरं काय ते सांगितलं. ती हसली.

"मंग छापलेलं काऊन नाई घेत?"

"सारेच मोबाईलवर वाचून राह्यले. मी एकटीच बोट ठेवून वाचताना दिसली तर हसतीन मले."

"हसू दे नं! परीक्षेत पेपर का मोबाईलवर देतीन तुले?"

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या भावाची छापील पुस्तकं माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः मोबाईलवर राहिली. एवढ्यावर थांबली नाही. राजुऱ्याहून येताना बसमध्ये ती एकेक धडा मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करी आणि मला पाठवी. मधेच कंडक्टरची शिट्टी, मधेच तिचं, "काकू, थोडं सरका जी, शिकवून राह्यली मी!" कणीक मळताना मी नुसतं ऐकायची. दुपारी पुस्तक उघडून तिच्या आवाजाबरोबर बोट चालवायची. ती पुढे निघून जायची, मी तिला थांबवून थांबवून गाठायची. दिवाळीनंतर कधीतरी ओळीच्या टोकाला मीच आधी पोचायला लागले.

परीक्षेत पेपर हातात आला. पहिल्या प्रश्नाखाली बोट ठेवलं. वर्गावरच्या मॅडमनी वळून पाहिलं. पाहू देत, म्हटलं. सगळे प्रश्न माझे मी वाचले. निकालात इतिहास राहिला, बाकीचे विषय निघाले. इतिहास यंदा काढणारच. आता मागे जायचं नाही.

मैत्रिणीला शिक्षिका व्हायचंय. नेमणूक आमच्या सिरोंच्याच्या भागात झाली तर पोरं तेलुगूत बोलतील आणि आपल्याला एक शब्द कळणार नाही, याची तिला आतापासून धास्ती आहे. तशी वेळ आलीच तर मी कुठेही असले तरी येईन, आणि तिला त्या पोरांशी बोलता येईस्तोवर रोज तिच्या वर्गात बसेन.